पट्ट्यातले इलेक्ट्रॉन तापतात कुठे?

१९५८ सालच्या जानेवारीअखेर अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ अवकाशात गेला. त्यावरचं मुख्य शास्त्रीय उपकरण होतं एक गायगर काउंटर, आणि त्याच्याकडून अपेक्षाही माफकच होती: वातावरणाबाहेर विश्वकिरण किती येतात ते मोजायचं. आयोवा विद्यापीठातल्या जेम्स व्हॅन ॲलन यांच्या गटाने ते बनवलं होतं. उपग्रह कक्षेत खाली असताना, म्हणजे काहीशे किलोमीटरवर, अपेक्षेप्रमाणे सेकंदाला तीसेक टिकटिक येत. दोन हजार किलोमीटरच्या वर गेला की काउंटर गप्प. इतक्या उंचीवर विश्वकिरण एकाएकी संपणं कुणालाच पटेना, पण यंत्र बिघडलं म्हणावं तर खाली उतरल्यावर ते पुन्हा नीट चाले. कार्ल मॅकइल्वेन या तरुण सहकाऱ्याने तसाच एक काउंटर प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या झोतात धरला आणि झोत वाढवत नेला. एका मर्यादेपलीकडे काउंटरचा आकडा घसरून थेट शून्यावर आला. म्हणजे वर अवकाशातही कण इतक्या दाटीने येऊन आदळत होते की दोन आघातांमध्ये सावरायला नळीला उसंतच मिळत नव्हती. मार्चमध्ये गेलेल्या एक्सप्लोरर-३ वर टेपरेकॉर्डर होता, त्यामुळे अख्ख्या प्रदक्षिणेची सलग नोंद हाती आली, आणि १ मे १९५८ रोजी व्हॅन ॲलन यांनी जाहीर केलं की पृथ्वीभोवती तीव्र प्रारणाचा प्रदेश आहे. वर्ष संपेपर्यंत कळलं की पट्टे एक नसून दोन आहेत.

आतल्या पट्ट्याचा उलगडा तुलनेने सोपा निघाला. त्यातले उच्च ऊर्जेचे प्रोटॉन बव्हंशी विश्वकिरणांच्याच कृपेने येतात: विश्वकिरण वातावरणावर आदळतात, त्यातून न्यूट्रॉन उडतात, काही न्यूट्रॉन वाटेतच फुटतात आणि त्यांतून निघालेला प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात अडकतो. हा साठा हळूहळू भरतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. बाहेरचा पट्टा मात्र अगदी वेगळ्या स्वभावाचा आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण तीन ते सात त्रिज्यांपर्यंत तो पसरतो, त्यात मुख्यतः इलेक्ट्रॉन असतात, आणि त्यांची संख्या काही तासांत हजारपटीने वाढू किंवा घटू शकते. एका इलेक्ट्रॉनची ऊर्जा दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हटली, तर त्याचा वेग प्रकाशाच्या ९४ टक्के भरतो. सूर्याकडून येणाऱ्या सौरवाऱ्यातल्या सामान्य इलेक्ट्रॉनची ऊर्जा दहा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. मग ही लाखपट वाढ कोण करतं, आणि मुख्य म्हणजे कुठे करतं? हे कण असेच तापलेले बाहेरून येतात, की पट्ट्यात आल्यावर तापतात? या प्रकरणात मी दुसऱ्या उत्तराची बाजू मांडणार आहे: बाहेरच्या पट्ट्यातल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा जागच्या जागी, लहरींच्या हातून मिळतो.

सूर्यच त्यांना तापवून पाठवतो हे सर्वांत सरळ उत्तर आधी बाजूला ठेवू. सौरवाऱ्यात अधूनमधून जलद इलेक्ट्रॉन सापडतात, पण पट्ट्यातली गर्दी भागवण्याइतके ते नसतात. शिवाय सूर्य खवळला की पट्टा भरलाच पाहिजे, असंही दिसत नाही. जेफ्री रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी १९८९ ते २००० या काळातली २७६ चुंबकीय वादळं तपासली. त्यांतल्या जेमतेम निम्म्या वादळांनंतर बाहेरच्या पट्ट्यातले वेगवान इलेक्ट्रॉन वाढलेले आढळले. सुमारे एक-पंचमांश वादळांनी ते उलट कमी केले, आणि उरलेल्यांनी फारसा फरकच पाडला नाही. वादळ किती मोठं होतं, यावरून निकालही सांगता येईना. बाहेरून माल येतो आणि गोदामात पडतो एवढाच मामला असता, तर हिशेब इतका विस्कटला नसता. पट्ट्यात एकाच वेळी काहीतरी कमावलं जातं आणि काहीतरी गमावलं जातं, आणि उरते ती या दोहोंची बाकी.

पट्ट्यात अडकलेला इलेक्ट्रॉन तीन प्रकारे फिरतो, आणि ते समजल्याशिवाय पुढचा वाद कळायचा नाही. चुंबकीय बलरेषेभोवती तो गिरक्या घेतो. पृथ्वीच्या पाच त्रिज्यांवर, दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या कणासाठी, सेकंदाला दोन हजारांहून जास्त. त्याच वेळी तो बलरेषेवरून उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे हेलकावे खातो. ध्रुवांकडे क्षेत्र दाट होतं तिथून तो मागे परततो, आणि एक फेरी सेकंदाच्या काही दशांशांत पुरी होते. तिसरी गती सर्वांत संथ: हे सगळं करता करता तो पूर्वेकडे सरकत पृथ्वीला बारा-पंधरा मिनिटांत वळसा घालतो. क्षेत्रात होणारे बदल या गतींच्या मानाने सावकाश असतील, तर प्रत्येक गतीशी जोडलेली एकेक राशी जवळजवळ अचल राहते. इलेक्ट्रॉनची ऊर्जा किंवा जागा कायमची बदलायची, तर निदान एका गतीच्या तालात काहीतरी घुसावं लागतं.

साठच्या दशकापासून मान्य असलेलं स्पष्टीकरण तिसऱ्या गतीशी निगडित होतं. सौरवाऱ्याच्या धक्क्यांनी आणि चुंबकावरणाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या प्रदेशाच्या, कडेशी होणाऱ्या घर्षणाने अतिमंद लहरी उठतात. त्यांचा आवर्तकाल काही मिनिटांचा असतो. इलेक्ट्रॉनच्या पृथ्वीभोवतीच्या वळशाशी असा ताल जुळला, की तो आत किंवा बाहेर ढकलला जातो. आत आला तर क्षेत्र वाढतं, आणि गिरकीशी जोडलेली राशी कायम राखण्यासाठी त्याचा संवेग वाढावा लागतो. हिशेब साधा आहे: भूस्थिर कक्षेच्या अंतरावरून, म्हणजे ६.६ त्रिज्यांवरून, चार त्रिज्यांवर येताना क्षेत्र साधारण साडेचारपट होतं आणि गिरकीतला संवेग दुपटीहून थोडा जास्त. या क्रियेला त्रिज्यीय विसरण म्हणतात. ती खरी आहे, ती मोजली गेली आहे, आणि ती नाकारण्याचं काही कारण नाही. अडचण एवढीच, की दुप्पट करायलाही आधी काहीतरी हाती असावं लागतं. बाहेरच्या बाजूला पुरेसे तापलेले कण पुरेशा संख्येने असले, तरच आत आणखी तापलेले कण मिळतील.

१९९८ मध्ये रिचर्ड हॉर्न आणि रिचर्ड थॉर्न यांनी दुसऱ्याच तालाकडे बोट दाखवलं: इलेक्ट्रॉनच्या गिरकीच्या. चुंबकावरणात कोरस नावाच्या लहरी असतात. त्यांची वारंवारता काहीशे ते काही हजार हर्ट्झ, म्हणजे नेमकी आपल्या कानाच्या पट्टीतली, त्यामुळे अँटेनाचा संकेत थेट स्पीकरला जोडला तर चढत्या सुरांच्या छोट्या छोट्या शिट्ट्या एकावर एक ऐकू येतात. पहाटेच्या बाजूला त्या अधिक जोरकस असतात, त्यालाही कारण आहे. वादळात पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूकडून हजारो ते काही दहा हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन आत फेकले जातात आणि पूर्वेकडे वळसा घालताना पहाटेच्या बाजूला पोहोचतात. त्यांची गती सगळ्या दिशांना सारखी नसते. गिरकीच्या दिशेने ती जास्त असते. हा असमतोल मोडताना जी ऊर्जा सुटते, तिच्यातून कोरस जन्मतो. तो विषुववृत्ताजवळ उगवतो आणि बलरेषेवरून दोन्ही ध्रुवांकडे निघतो.

आता काही लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा, आधीच थोडा तापलेला एक इलेक्ट्रॉन घेऊ. तो बलरेषेवरून विषुववृत्ताकडे परततो आहे आणि समोरून कोरसची लहर येते आहे. समोरासमोर येत असल्यामुळे त्याला लहरीची वारंवारता मुळापेक्षा जास्त भासते. लहरीतलं विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र स्वतःही फिरत असतं, आणि फिरण्याची दिशा इलेक्ट्रॉनच्या गिरकीचीच असते. एका विशिष्ट वेगाला भासणारी वारंवारता आणि गिरकीची वारंवारता सारख्या होतात. तेवढ्या क्षणापुरतं इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने लहरीचं क्षेत्र फिरायचं थांबतं: ते त्याच्या गतीच्या सापेक्ष एकाच कोनात राहतं आणि त्याला सलग ढकलतं किंवा सलग रोखतं. हाच अनुनाद. तो सेकंदाच्या छोट्याशा अंशात तुटतो, कारण बलरेषेवर पुढे सरकताच क्षेत्र बदलतं आणि गिरकीचा ताल सुटतो. मग इलेक्ट्रॉन ध्रुवाकडून परत येतो, नवी लहर भेटते, पुन्हा थोडं देणंघेणं होतं. पहाटेच्या भागातून तो दर वळशाला काही मिनिटं जातो, आणि असे वळसे वादळानंतर तासन्‌तास चालू राहतात.

इथे भौतिकशास्त्राचा कुठलाही विद्यार्थी हात वर करील: चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणाला वळवतं, पण त्याच्यावर कार्य करत नाही, मग चुंबकीय लहर ऊर्जा कशी देणार? आक्षेप रास्त आहे, आणि उत्तर असं, की बदलतं चुंबकीय क्षेत्र एकटं कधीच नसतं. त्याच्यासोबत विद्युतक्षेत्र येतंच. ऊर्जा विद्युतक्षेत्र देतं. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पाच त्रिज्यांवर पृथ्वीचं क्षेत्र सुमारे २५० नॅनोटेस्ला, तर जोमदार कोरसचंही क्षेत्र बऱ्याचदा ०.१ नॅनोटेस्लाच्या घरात, म्हणजे अडीच हजारांत एक भाग. त्यात प्रत्येक भेटीत इलेक्ट्रॉनला ऊर्जा मिळेल की जाईल हे लहर त्याला कोणत्या कोनात गाठते यावर ठरतं, म्हणजे जवळजवळ नशिबावर. मग बेरीज शून्य का येत नाही? कारण सुरुवातीची वाटणी असमान असते. कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन प्रचंड, जास्त ऊर्जेचे मोजके. यदृच्छेने हलवाहलव झाली, तर खालून वर जाणारे नेहमीच वरून खाली येणाऱ्यांपेक्षा जास्त भरणार. लहरींना ऊर्जा पुरवणारे असंख्य मंद इलेक्ट्रॉन थोडं थोडं गमावतात आणि थोडेच जलद इलेक्ट्रॉन पुष्कळ कमावतात. कोरस हा या दोहोंमधला दलाल आहे.

पण एखादी क्रिया शक्य असणं आणि ती प्रत्यक्षात निर्णायक असणं यात अंतर आहे. ते ओलांडायला मोजमाप लागतं, आणि मोजमापात एक फसगत दडलेली होती. वादळात पृथ्वीभोवती पश्चिमेकडे वाहणारा वलयप्रवाह बळावतो आणि त्याच्यामुळे विषुववृत्ताजवळच्या भूपृष्ठावर क्षेत्राचा आडवा घटक घसरतो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने २ सप्टेंबर १८५९ रोजी नोंदवलेली सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण हे अशा नोंदींपैकी गाजलेलं उदाहरण आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदींचं काम अलिबागला हलवलं गेलं आणि ते तिथे आजही चालू आहे. जमिनीवर दिसणारी ही घसरण पट्ट्यातही होते. क्षेत्र ढिलं पडलं की इलेक्ट्रॉन बाहेर सरकतात आणि त्यांची ऊर्जा कमी होते, एकही कण प्रत्यक्षात नाहीसा झालेला नसताना. वादळ ओसरलं की ते परत येतात आणि ऊर्जाही परत मिळते. उपग्रहाला मात्र आधी पट्टा रिकामा झाल्यासारखा आणि मग भरल्यासारखा दिसतो. म्हणून नुसती इलेक्ट्रॉनची संख्या मोजून भागत नाही. तिन्ही गतींच्या अचल राशी ठरावीक धरून, त्या हिशेबात कण किती दाट आहेत हे काढावं लागतं. शास्त्रज्ञ या दाटीला फेज स्पेस डेन्सिटी म्हणतात. क्षेत्र हळूहळू फुगलं-आकुंचन पावलं तरी ही राशी बदलत नाही. खरी आवक किंवा खरी गळती झाली तरच बदलते.

या राशीने वादाला निकाली परीक्षा मिळवून दिली. शेतात पाटाचं पाणी सोडलं असेल, तर पातळी पाटाच्या तोंडाशी सर्वांत जास्त आणि आत उतरती असणार. शेताच्या मधोमधच पाणी सर्वांत वर चढलेलं दिसलं, तर तिथे झरा फुटला असला पाहिजे. विसरण नेहमी दाटीकडून विरळीकडे वाहतं. इलेक्ट्रॉन बाहेरून आत येत असतील, तर फेज स्पेस डेन्सिटी बाहेर जास्त आणि आत कमी हवी. पट्ट्याच्या पोटातच तिचं शिखर उगवलं, तर ऊर्जा तिथेच दिली जाते आहे. जुन्या उपग्रहांनी अशी शिखरं सुचवली होती, पण त्यांच्या कक्षा आणि उपकरणं या कामासाठी घडवलेली नव्हती, त्यामुळे दोन्ही पक्षांना आपापला अर्थ लावायला जागा उरत होती.

ती जागा ३० ऑगस्ट २०१२ रोजी केप कॅनाव्हेरलहून निघालेल्या नासाच्या जुळ्या यानांनी पुष्कळच कमी केली. पुढे त्यांना व्हॅन ॲलन प्रोब्ज असं नाव मिळालं. सुमारे ६०० किलोमीटरपासून ३०,००० किलोमीटरपलीकडे जाणारी त्यांची कक्षा, एका प्रदक्षिणेला नऊ तास. दोन यानं जवळजवळ एकाच वाटेने पण मागेपुढे फिरत असल्यामुळे तीच जागा थोड्या वेळाने पुन्हा मोजली जाई. ८ आणि ९ ऑक्टोबर २०१२ च्या वादळात पट्टा आधी ओसरला आणि नंतर काही तासांत वेगवान इलेक्ट्रॉनची संख्या सुमारे हजारपटीने चढली. रीव्ह्ज यांच्या गटाने आलेखावर फेज स्पेस डेन्सिटी मांडली, तेव्हा चार त्रिज्यांच्या आसपास शिखर दिसलं, आणि एका फेरीनंतरच्या दुसऱ्या फेरीत ते त्याच जागी उंच होत गेलेलं दिसलं. त्याच्या बाहेरच्या बाजूला पातळी कमीच होती. थॉर्न यांच्या गटाने त्याच काळात मोजलेल्या कोरसची तीव्रता गणितात घातली, आणि त्यातून निघालेली वाढ प्रत्यक्ष वाढीशी ऊर्जेच्या आणि कोनाच्या वाटणीसकट जुळली. दोन्ही निबंध २०१३ मध्ये अनुक्रमे ‘सायन्स’ आणि ‘नेचर’मध्ये आले.

विरोधकांकडे तरीही एक चांगला मुद्दा होता. शिखर बाहेरून आलेल्या पाण्यानेही दिसू शकतं: आधी बाहेरून भरपूर आवक झाली, मग बाहेरची बाजू अचानक गळली, तर मध्ये उंचवटा उरतो. आणि बाहेरची बाजू गळते हे खरंच आहे. सौरवाऱ्याच्या दाबाने चुंबकावरणाची कड आत सरकली की तिथले इलेक्ट्रॉन अवकाशात निसटतात. पण असा उरलेला उंचवटा स्वतः वाढत नाही, उलट पसरत जाऊन खचतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये उंचवटा वाढत होता. जुळी यानं नसती, तर एवढी एक गोष्ट निर्विवाद सांगता आली नसती.

अर्थात, यावरून अतिमंद लहरींना निवृत्त करणं हा दुसऱ्या टोकाचा उतावळेपणा होईल. प्रोब्ज निघाल्यावर काही दिवसांतच, सप्टेंबर २०१२ मध्ये, दोन पट्ट्यांच्या मध्ये तिसरं वलय दिसलं. ते चारेक आठवडे टिकलं आणि एका आघातलहरीने पुसलं गेलं. इयान मॅन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की या वलयाची घडण अतिमंद लहरींच्या विसरणातून आणि कडेच्या गळतीतून बऱ्याच अंशी समजते. २४ मार्च १९९१ ला तर सीआरआरईएस या उपग्रहाने एका सौर आघाताने अवघ्या काही मिनिटांत दीड कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातले इलेक्ट्रॉन आत आणून नवा पट्टा उभा केलेला पाहिला होता. तिथे कोरसचं काहीच काम नव्हतं. बराच काळ असंही मानलं जाई, की कोरस कणांना वीस-तीस लाखांपर्यंत नेतो आणि त्यापुढची मजल आत सरकण्याने गाठली जाते. २०२१ मध्ये हेली ॲलिसन आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेत बदल सुचवला: भोवतीचा थंड प्लाझ्मा फारच विरळ झाला, घनसेंटिमीटरला दहाएक कणांपर्यंत उतरला, तर कोरस एकट्याने सत्तर लाख इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेऊ शकतो. विरळ प्लाझ्मात लहरीचा वेग वाढतो, आणि मग ती कणाची दिशा बदलण्यापेक्षा त्याला ऊर्जा देण्यात अधिक परिणामकारक ठरते. म्हणजे एकाच कोरसचा निकाल भोवतीच्या थंड, निरुपद्रवी वायूवर अवलंबून असतो. रीव्ह्ज यांच्या २७६ वादळांचा गोंधळ मला इथे सर्वांत जास्त उलगडतो असं वाटतं. शिवाय कोरस दुसऱ्या हाताने नुकसानही करतो: काही इलेक्ट्रॉनांना तो बलरेषेला इतकं समांतर वळवतो की ते परतण्याऐवजी वातावरणात पडतात. कमावणारा आणि उधळणारा एकच असल्यावर वादळाच्या आकारावरून शिल्लक कशी सांगायची?

हॉर्न आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हीच क्रिया गुरूलाही लावून पाहिली आणि गुरूच्या कितीतरी प्रखर पट्ट्यांमध्येही गिरकीचा अनुनाद कामाचा ठरतो असं दाखवलं. पृथ्वीपुरती ही सिद्धांताची चैन नाही. बाहेरच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन उपग्रहाचं कवच भेदून आतल्या वायरींच्या आवरणात आणि सर्किट बोर्डांत साचतात, आणि पुरेसा भार साचला की आत ठिणगी पडते. जानेवारी १९९४ मध्ये, वेगवान इलेक्ट्रॉन कित्येक दिवस चढे राहिल्यानंतर, कॅनडाचे ॲनिक ई-१ आणि ॲनिक ई-२ हे दळणवळण उपग्रह लागोपाठ भरकटले. पहिला काही तासांत सावरला, दुसऱ्याला जवळपास सहा महिने लागले. भारताचे इनसॅट, जीसॅट आणि नाविक मालिकेतले उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, म्हणजे या पट्ट्याच्या बाहेरच्या भागातच फिरतात. त्यांना इशारा द्यायचा, तर वादळ किती मोठं हे सांगून भागणार नाही. कोरस किती जोमदार आहे, किती तास टिकला आणि भोवतीचा प्लाझ्मा किती विरळ आहे, हे सांगावं लागेल. व्हॅन ॲलन प्रोब्ज इंधन संपल्याने २०१९ मध्ये बंद झाली. लहरी आणि कण एकाच वेळी, पट्ट्याच्या आत जाऊन मोजण्याचं काम त्यांच्यानंतर प्रामुख्याने डिसेंबर २०१६ मध्ये सोडलेल्या जपानच्या अरासे या उपग्रहावर येऊन पडलं, आणि एवढ्या मोठ्या प्रदेशासाठी एक यान अपुरं आहे.